सह्याद्रीच्या डोहातली जेलीफिश

मृग नक्षत्र जवळ आले की कामरगाव, कारंजा, मानोरा या भागात चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच चर्चा असते. यंदा सोयाबीनचे कोणते वाण पेरायचे? कुणी जुन्या ‘जेएस ३३५’वर अडून बसतो, कुणी नव्या वाणाची चौकशी करतो. या वाणांच्या याद्यांमध्ये काही नावे ‘एमएसीएस’ या अक्षरांनी सुरू होतात. गव्हाच्या यादीतही ती आढळतात. ही अक्षरे कुठल्या बियाणे कंपनीची नाहीत. पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. १९४६ साली ही संस्था उभी करण्यात पुढाकार होता तो प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा.

आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आयुष्यभर त्यांनी झाडापानांचा अभ्यास केला, कोलकात्यात तीस वर्षांच्या आसपास वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद सांभाळले. पण जगातल्या शास्त्रज्ञांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले ते एका झाडामुळे नव्हे, तर नखाएवढ्या, काचेसारख्या पारदर्शक प्राण्यामुळे. सह्याद्रीच्या नदीतली ती जेलीफिश होती.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. मालवणच्या किनाऱ्यावर जेलीफिश ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. भरतीबरोबर वाहून आलेले तिचे गोळे वाळूवर पडलेले असतात आणि मुले ते काठीने उलटेपालटे करतात. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या फार. शाळेची काही वर्षे धारवाडला गेली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात निसर्गविज्ञान शिकले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. वय पंचविशीच्या पुढे-मागे. पगार बेताचा, प्रयोगशाळा साधी. पण सुट्टी मिळाली की घाटात जायचे, झाडे गोळा करायची, दगड उलटून पाहायचे, डोहात जाळी फिरवायची, असा त्यांचा क्रम होता.

सातारा जिल्ह्यातल्या वेण्णा आणि कोयना या दोन नद्या महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावतात. एक साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, दुसरी कराडला. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वऱ्हाडात त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. तेवढे सगळे पाणी चार महिन्यांत खाली धावते, आणि उन्हाळ्यात याच नद्यांचे रूप एकदम पालटते. प्रवाह बारीक होतो, खडकांच्या खोबणीत डोह उरतात, पाणी निवळशंख होते आणि उन्हाने कोमट होते. अशाच डोहांमध्ये आघारकरांना पाण्यात उघडझाप करत तरंगणाऱ्या इवल्याशा छत्र्या दिसल्या. कडेला बारीक तंतूंची झालर, मधोमध मोठे गोल तोंड.

समुद्र तिथून डोंगरापलीकडे. नदी वाहते तीसुद्धा पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागराकडे. जेलीफिश तर समुद्राचा प्राणी. मग ही इथे कशी?

घाटातल्या गुराख्यांनी, मासे धरणाऱ्यांनी हे जीव त्याआधी पाहिले नसतील असे म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात डोहावर पाणी भरायला जाणाऱ्या कुणालाही ते दिसू शकले असते. पण पाहणे वेगळे आणि हे इथे असायला नको होते हे ओळखणे वेगळे. त्यासाठी आधी काय कुठे असते हे माहीत असावे लागते. अनुभवी डॉक्टरला वॉर्डातल्या वीस तापाच्या रुग्णांतला एक वेगळा वाटतो, तसेच हे असते. उरलेले एकोणीस त्याने नीट पाहिलेले असतात, म्हणून विसावा खटकतो.

आघारकरांनी पुढची गोष्टही बरोबर केली. त्यांनी नमुने जपले आणि योग्य माणसाकडे पोहोचवले. जेलीफिशच्या शरीरात पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. डोहातून काढून बाटलीत तशीच ठेवली तर काही तासांत तिचा चिकट द्रव होतो. नुसत्या अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसते, आकार जातो. फॉर्मेलिनसारख्या द्रवात ती वेळेवर आणि बेताने टिकवावी लागते. तालुक्याच्या रुग्णालयातून तपासणीला पाठवलेला गाठीचा तुकडा फॉर्मेलिनऐवजी सलाइनमध्ये घालून पाठवला, तर पॅथॉलॉजिस्टच्या हाती काही लागत नाही आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. प्राणिशास्त्रात तर कित्येकदा दुसरी संधीच मिळत नाही. पहिला पाऊस पडून नदी फुगली की या छत्र्या दिसेनाशा होतात.

योग्य माणूस म्हणजे कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयाचे प्रमुख नेल्सन अॅनंडेल. हे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ भारतातल्या गोड्या पाण्यातील जिवांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार होते. गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रासारखे जीव यांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९११ सालीच प्रसिद्ध झाला. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली तिचे पहिले संचालकही तेच. त्यांनी हे नमुने पाहिले आणि त्यांना धक्काच बसला असणार. कारण या घडणीची, मोठ्या गोल तोंडाची गोड्या पाण्यातली जेलीफिश तोवर आफ्रिकेतच माहीत होती. टांगानिका सरोवरात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडली होती आणि नंतर आफ्रिकेतल्या आणखी काही पाण्यांतून तिची नोंद झाली होती. आफ्रिकेबाहेर मात्र कुठेही नाही.

एखादी नवी जात सापडली असे वर्तमानपत्रात आपण सहज वाचतो. सापडणे हा त्यातला छोटा भाग आहे. खरे काम त्यानंतरचे असते. नमुना भिंगाखाली धरायचा, कडेचे तंतू मोजायचे, त्यांच्यावरच्या दंशपेशींची मांडणी पाहायची, अंडी-शुक्रपेशी कुठे तयार होतात ते तपासायचे. मग आजवर माहीत असलेल्या प्रत्येक भाऊबंदाशी ताडून पाहायचे. फरक ठरावीक आहे, तो एखाद्या नमुन्यापुरता नाही, वयामुळे नाही, बाटलीत आक्रसल्यामुळे नाही, याची खात्री करायची. त्यानंतर सविस्तर वर्णन छापायचे, नाव द्यायचे आणि ज्यावरून वर्णन केले तो नमुना संग्रहालयात कायमचा ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनीही कुणाला शंका आली तर तो उघडून बघता येईल. घाटातल्या झऱ्यांत दगडाखाली चिकटून राहणाऱ्या दगडमाशीची नवी जात असो की नवा बेडूक, आजही हीच रीत आहे. भर पडली आहे ती जनुकतपासणीची.

अॅनंडेल यांनी १९११-१२ या काळात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘नेचर’ या नियतकालिकातूनही ही बातमी जगभर गेली. नाव ठेवले लिम्नोक्निडा इंडिका. शास्त्रीय नावाच्या शेवटी वर्णन करणाऱ्याचे नाव लावतात, शोधणाऱ्याचे नव्हे. त्यामुळे या जेलीफिशच्या नावापुढे अॅनंडेल आले, आघारकर आले नाहीत. नियमाप्रमाणे ते योग्यच आहे. वसाहतीच्या काळात असे पुष्कळ झाले आणि कित्येक भारतीय संग्राहकांची नावे तळटीपेतही उरली नाहीत. आघारकरांच्या बाबतीत तसे झाले नाही, हे मात्र नोंदवायला हवे. १९१२ साली संग्रहालयाच्या नियतकालिकात या जेलीफिशच्या सवयींवर आणि आढळावर जो लेख आला, तो संग्रहालयातले शास्त्रज्ञ एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर या दोघांच्या नावाने. पुढच्याच वर्षी आघारकरांनी त्यात स्वतःच्या नावाने भर घातली. जातीचे वर्णन टेबलावर होते. ती कशी जगते हे नदीकाठी बसल्याशिवाय कळत नाही, आणि ते काम त्यांनी केले.

इथे थोडे विषयांतर. गोड्या पाण्यातली जेलीफिश अंगाला लागली तर काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. काही होत नाही. या गटातल्या जेलीफिश दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर जात नाहीत. त्यांच्या दंशपेशी पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना लुळे करतात, माणसाची कातडी त्यांना भेदता येत नाही. समुद्रातल्या नातेवाइकांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे दिसणारे जीव वाहून येतात. ती खरी जेलीफिश नव्हे, पण दंश जबर करते. तसे झाले तर जागा चोळू नये, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे तो भाग बुडवून ठेवावा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठावे.

याच निळ्या जिवाच्या विषावर काम करता करता शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. समुद्रफुलाचे, म्हणजे जेलीफिशच्याच एका भावंडाचे विष कुत्र्यांना अगदी थोडे टोचले, काही आठवडे जाऊ दिले आणि पुन्हा तितकेच थोडे टोचले. ज्या मात्रेने पहिल्या वेळी काही झाले नव्हते, तिनेच दुसऱ्या वेळी कुत्रा मिनिटांत दगावला. १९०२ साली त्यांनी या प्रकाराला अॅनाफिलॅक्सिस हे नाव दिले. पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्याआधी आज प्रत्येक दवाखान्यात अॅड्रेनलिन जवळ ठेवले जाते ते याच धोक्यासाठी. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आघारकर वेण्णेच्या डोहात जाळी फिरवत होते, त्याच सुमारास या प्राणिगटाने वैद्यकाला मोठा धडा दिला होता.

आता मूळ प्रश्नाकडे. आफ्रिकेतला जीव साताऱ्यात कसा? त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञ मानत की भारत आणि आफ्रिका यांच्यामध्ये एकेकाळी जमिनीचा पूल होता आणि तो नंतर बुडाला. १९१२ च्या जानेवारीतच जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडच सरकतात ही कल्पना मांडली. तिची बरीच वर्षे टिंगल झाली. आज आपण जाणतो की भारत आणि आफ्रिका खरोखरच एका महाखंडाचे तुकडे आहेत. तेव्हा उत्तर सोपे वाटते: तुकडे वेगळे झाले आणि जेलीफिश दोन्हीकडे राहिली.

पण इतके सोपे नाही. वेण्णा आणि कोयना ज्या काळ्या पाषाणावरून वाहतात तो लाव्हारस सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. भारत आफ्रिकेपासून त्याच्या फार आधी सुटला होता. तो लाव्हा वाहिला तेव्हा तिथे असलेले सगळे ओढे-नाले जळून, गाडून गेले असणार. म्हणजे या जेलीफिशचे पूर्वज लाव्हा न पोहोचलेल्या दक्षिणेकडच्या पाण्यातून नंतर इथे आले असावेत. दक्षिण भारतातल्या आणखी काही नद्यांतून तिच्या नोंदी पुढे झाल्याही. दुसरी वाटही आहे. डोहात दिसणारी छत्री ही या जिवाची एक अवस्था. दुसऱ्या अवस्थेत तो दगडाला चिकटलेला, टाचणीच्या टोकाएवढा पॉलिप असतो, आणि पाणी उबदार झाले की त्याच्यापासून छत्र्या सुटतात. गोड्या पाण्यातल्या काही जेलीफिशचे पॉलिप अडचणीच्या काळात कवचात बंद होऊन निपचित पडतात. अशी कवचे पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून किंवा पाणवनस्पतींबरोबर कुठल्या कुठे जाऊ शकतात.

एखादा जीव इथे कसा पोहोचला, हा प्रश्न आघारकरांना नंतरही सोडून गेला नाही. फक्त प्राणी जाऊन झाडे आली.

जेलीफिशच्या निमित्ताने कोलकात्याशी संबंध जुळला, तिथे संग्रहालयात अॅनंडेल यांच्या हाताखाली काही काळ शिकायला मिळाले. त्याच वेळी रासबिहारी घोष या नामवंत वकिलांनी कोलकाता विद्यापीठाला विज्ञान महाविद्यालयासाठी दहा लाख रुपयांची देणगी दिली होती. अट अशी की या पैशातून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीयच नेमायचे. पदे चार. त्यातले एक वनस्पतिशास्त्राचे, शेतीकडे विशेष लक्ष ठेवून शिकवण्याचे. १९१४ साली ते तिशीच्या उंबरठ्यावरच्या आघारकरांना मिळाले. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांची माणसे पारखण्याची नजर प्रसिद्धच होती.

पद मिळाल्यावर पुढच्या अभ्यासासाठी आघारकर जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रूच्या देशात अडकले. काही काळ नजरकैदही भोगावी लागली. घोष यांच्याच देणगीतून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झालेले देवेंद्रमोहन बोस यांचीही बर्लिनमध्ये तीच गत झाली. घरापासून तोडलेल्या त्या वर्षांत आघारकरांनी बर्लिनला आडोल्फ एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पुरा केला आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारवट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती: त्या आल्या कुठून आणि त्यांचे बी पसरते कसे. काही बियांना पंख असतात, काहींना आकडे, काही पक्ष्यांच्या पोटातून जातात. डोहातल्या छत्रीला विचारलेला प्रश्न आता वाळवंटातल्या काटेरी झुडपाला विचारला जात होता.

१९२० च्या सुमारास ते कोलकात्याला परतले. त्यानंतरची पंचवीस वर्षे शिकवण्यात, वनस्पती गोळा करण्यात आणि संस्था चालवण्यात गेली. भारतीय वनस्पतिशास्त्र संघटनेच्या उभारणीत ते होते, भारतीय विज्ञान काँग्रेसचे सरचिटणीस होते, राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे संस्थापक सदस्य होते. सरचिटणीसपद म्हणजे पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, रुसलेल्यांची समजूत काढणे. ही कामे आत्मचरित्रात शोभत नाहीत, पण त्यांच्याशिवाय विज्ञान चालत नाही. संशोधक म्हणून त्यांच्या हातून आणखी लेखन व्हायला हवे होते असे वाटते खरे. तो वेळ त्यांनी इतरांच्या संशोधनाची घडी बसवण्यात घातला.

कोलकात्यात त्यांनी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यावसायिकाने १८७६ साली लोकवर्गणीतून तिथे विज्ञान संवर्धनासाठी एक संस्था काढली होती. सी. व्ही. रामन यांनी नोबेल मिळवून देणारे काम केले ते तिथेच. महाराष्ट्रात असे काही नव्हते. १९४६ साली विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर आघारकर पुण्याला आले आणि त्याच धर्तीवर महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी सुरू झाली. वय बासष्ट. सुरुवातीची वर्षे उसन्या जागेत, तुटपुंज्या पैशांत गेली. तिचे संस्थापक संचालक म्हणून ते अखेरपर्यंत राबले. २ सप्टेंबर १९६० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. स्वतःजवळचे जे होते ते त्यांनी संस्थेला देऊन टाकले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात कोयना धरणात पाणी साठू लागले आणि त्या खोऱ्याचा मोठा भाग शिवसागराखाली गेला. पुढे वेण्णेवरही साताऱ्याच्या वरच्या बाजूला कण्हेरचे धरण झाले. धरणांनी महाराष्ट्राला वीज आणि पाणी दिले. उन्हाळ्यात खडकांच्या खोबणीत उरणारे कोमट, निवळ डोह मात्र तितके राहिले नाहीत. वर ज्यांचा उल्लेख आला त्या दगडमाश्यांची पिल्लेही भरपूर प्राणवायू असलेल्या वाहत्या पाण्यातच जगतात. पाणी थांबले, सांडपाणी आले, की सर्वांत आधी तीच नाहीशी होतात. म्हणून जगभर नदीचे आरोग्य तपासताना दगड उलटून त्यांची मोजदाद करतात. नदीची ही नाडीपरीक्षाच म्हणायची. पण ती करायची तर आधी कुठल्या पाण्यात कोणते जीव होते याची जुनी नोंद लागते. वेण्णा-कोयनेतल्या जेलीफिशची अशी नोंद आपल्याजवळ शंभराहून अधिक वर्षांची आहे.

पुण्यातली ती संस्था वाढली. तिच्याकडे वनस्पतींचे आणि बुरशींचे मोठे संग्रह आहेत, गहू, सोयाबीन, द्राक्ष यांचे वाण तिने काढले. १९९२ मध्ये तिला आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले. वाणांच्या नावांआधी मात्र ‘एमएसीएस’ ही जुनीच अक्षरे राहिली. संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याला सुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आहे. त्यामुळे आघारकर संस्था, आगरकर रस्ता असा पत्ता लिहावा लागतो, आणि पाहुणे दोघांना एकच समजतात.